हायब्रिड गाडी जपानमध्ये चालवली, हिशोब मात्र साताऱ्याचा

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे जसं आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय.)

हेडफोन कानात आहेत ना? कोणी लोकलमध्ये असाल, कोणी पीएमपीच्या बसमध्ये, कोणी रात्रीची भांडी घासता घासता ऐकत असाल. आजचा विषय गाड्यांचा आहे, पण ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी लगेच पुढचा भाग लावू नका. कारण घरात कोणीतरी, मामा, काका, दादा, भाओजी, येत्या वर्षभरात तुम्हाला विचारणार आहे, "हायब्रिड घेऊ का रे?" आणि तुम्ही मोबाईलवर जास्त असता म्हणून उत्तर तुम्हालाच येत असणार, असं त्यांनी धरलेलं असतं.

माझंही तेच झालं. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, साताऱ्यात टुरिस्ट गाडी चालवतो. पिवळी पाटी, सीएनजीवर चालणारी सात सीटची गाडी. सातारा ते मुंबई एअरपोर्ट, पुण्याच्या फेऱ्या, लग्नसराईत कोल्हापूर-महाबळेश्वर. महिन्याला पाच हजार किलोमीटर सहज होतात. त्याच्या डोक्यात गेले सहा महिने एकच घोळत होतं: ही गाडी काढायची आणि कर्ज घेऊन मोठी हायब्रिड घ्यायची. मी ऑफिसच्या कामासाठी जपानला जाणार आणि शेवटी दोन दिवस सुट्टी जोडून घेणार हे कळल्यावर त्याचा फोन आला. "अगं, तिकडं गेलीसच तर चालवून बघ की. शोरूमवाला आपल्याला दोन किलोमीटर फिरवतोय आणि गोड बोलतोय. तू नीट चालव आणि मला आकडा सांग."

तर आज तो आकडा, तो कसा आला, आणि तो आकडा दादाच्या कामाचा का नव्हता, हे सगळं सांगते.

परवाना आणि पहिली ओळख

आधी कागदपत्रं, कारण यावर सगळ्यात जास्त मेसेज येतात. जपानमध्ये भारतीय माणूस गाडी चालवू शकतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे काढलेला परवाना जपान मान्य करतं, आणि आपला परवाना त्याच करारातला आहे. तो आपल्या आरटीओतच मिळतो. अर्ज ऑनलाईन भरता येतो, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती लागतात, फी एक हजार रुपये, मुदत एक वर्षाची. हातात एक छोटी कागदी पुस्तिका पडते. ती मूळ पुस्तिका, आपलं मूळ लायसन्स आणि पासपोर्ट, तिन्ही बरोबर ठेवा. मोबाईलमधला फोटो तिथे चालत नाही.

जपान निवडायला सोपं का? तिथेही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात. स्टिअरिंग उजवीकडे, इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला. अमेरिका-युरोपात गेल्यावर इंडिकेटर द्यायला जाऊन वायपर चालू होतात, तसलं काही नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. लाल उलटा त्रिकोण दिसला की गाडी पूर्ण थांबवायची, चाक फिरता कामा नये. आणि रेल्वे फाटक उघडं असलं तरी त्याच्या आधी थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग जायचं. हॉर्न? दोन दिवसांत मी एकदाही वाजवला नाही, कोणाचा ऐकलाही नाही. पुण्यात परत आल्यावर पहिल्या सिग्नलला कान दुखले.

मी नागोयामध्ये होते. हे शहर म्हणजे हायब्रिडचं माहेरच म्हणा ना. शेजारीच टोयोटा नावाचं गाव आहे. त्याचं जुनं नाव कोरोमो, १९५९ मध्ये कंपनीच्या नावावरून बदललं. आणि इचलकरंजीचे श्रोते ऐकत असतील तर त्यांच्यासाठी: ही कंपनी मुळात यंत्रमाग बनवणाऱ्या घराण्यातून आलेली आहे. आधी माग, मग मोटार.

माझी मैत्रीण तिथे नोकरीला आहे, तिला जपानी वाचता येतं. आम्ही दोघींनी दोन दिवसांसाठी टोयोटा ॲक्वा भाड्याने घेतली. छोटी हॅचबॅक. जपानमध्ये २०११ च्या डिसेंबरमध्ये ही गाडी आली. आपल्या बलेनोच्या आसपासचा आकार समजा.

टेस्ट ड्राईव्ह म्हणून भाड्याची गाडी का? एकतर शोरूमची फेरी पंधरा मिनिटांची असते. दुसरं म्हणजे, जपानमध्ये भाड्याची गाडी टाकी फुल करून देतात आणि परत करताना टाकी फुल करूनच द्यायची असते, बऱ्याच ठिकाणी पंपाची पावतीही दाखवावी लागते. म्हणजे ॲव्हरेज काढायची सगळ्यात खरी पद्धत, टाकी फुल ते टाकी फुल, ती आपोआपच होते.

गाडीत बसले, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. म्हणजे आवाज नाही, थरथर नाही. फक्त समोर एक छोटी अक्षरं उजळली, 'रेडी'. गाडी चालू आहे. ॲक्सिलरेटरवर हलकासा पाय ठेवला की ती मोटरवर गुपचूप निघते. पार्किंगमधून बाहेर येताना एक अगदी बारीक सूं असा आवाज येतो, तो मुद्दाम ठेवलेला असतो. चालणाऱ्या माणसाला, विशेषतः ज्यांना दिसत नाही त्यांना, गाडी आल्याचं कळावं म्हणून.

आत नेमकं चालतं काय?

आता दोन मिनिटं शाळा. कंटाळू नका, हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

साधी गाडी ब्रेक दाबल्यावर काय करते? आपण पेट्रोल जाळून गाडीला वेग दिलेला असतो. ब्रेक दाबला की तो सगळा वेग ब्रेकच्या घर्षणात गरम होऊन हवेत जातो. सिग्नल आला, वेग गेला. पुन्हा पेट्रोल जाळा, पुन्हा वेग, पुन्हा सिग्नल. हायब्रिड गाडी एवढंच करते की ब्रेक दाबल्यावर मोटर उलटी वापरते, जनरेटरसारखी. चाकं मोटरला फिरवतात, वीज तयार होते, बॅटरीत जाते. पुढच्या वेळी निघताना तीच वीज वापरते.

म्हणजे हायब्रिडला कुठेही फुकटची ऊर्जा मिळत नाही. सगळी ऊर्जा पेट्रोलमधूनच येते. घरी चार्जिंगची वायर लावायची नसते. जे आपण एरवी उधळून टाकतो, त्यातलं थोडं ती वाचवते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळा हिशोब यावरच उभा आहे: जिथे उधळपट्टी जास्त, तिथे बचत जास्त. जिथे उधळपट्टीच नाही, तिथे वाचवणार काय?

दुसरी गोष्ट इंजिनाची. या गाड्यांचं पेट्रोल इंजिन वेगळ्या चालीवर जुळवलेलं असतं, तिला ॲटकिन्सन सायकल म्हणतात. ते पेट्रोलचा प्रत्येक थेंब जास्त पिळून घेतं, पण जोर थोडा कमी देतं. कमी पडलेला जोर मोटर भरून काढते. आणि इंजिन, मोटर, जनरेटर या तिघांना जोडणारा गिअरचा संच असतो: मधे एक चाक, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं, आणि बाहेरून एक कडं. मधल्या चाकाला सूर्य म्हणतात आणि भोवतालच्यांना ग्रह. कोणाचा जोर किती चाकापर्यंत जायचा आणि किती बॅटरीकडे वळायचा, हे या संचातून सतत ठरत असतं. ड्रायव्हरला गिअर बदलायचाच नसतो.

कल्पना नवी नाही बरं का. फर्डिनांड पोर्श यांनी इंजिन आणि मोटर एकत्र असलेली गाडी साधारण १९०० च्या सुमारास करून दाखवली होती. पण मोठ्या प्रमाणावर कारखान्यातून निघालेली पहिली हायब्रिड म्हणजे टोयोटा प्रियस, डिसेंबर १९९७, जपान. त्या प्रकल्पाचे मुख्य इंजिनिअर होते ताकेशी उचियामादा. प्रियस हा लॅटिन शब्द, अर्थ 'आधीचं'. काळाच्या आधी आलेली, अशा अर्थाने.

शहर, चढ, उतार

आम्ही गाडी तीन प्रकारच्या रस्त्यांवर चालवली आणि तिन्हींचं वेगवेगळं टिपून ठेवलं. हे तुम्हीही करा.

पहिला प्रकार, शहर. नागोयाची संध्याकाळ, ऑफिस सुटायची वेळ. रस्ते रुंद आहेत, पण सिग्नल पावलोपावली. मैत्रिणीने मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. इंजिन बंद झालं की सुरू, इंजिन चालू झालं की बंद. अर्ध्या तासात गाडीचं इंजिन सतरा मिनिटं बंद होतं! सिग्नलला तर बंदच, शिवाय हळूहळू सरकताना, पार्किंग शोधताना. शहरात ही गाडी खऱ्या अर्थाने आपला पगार कमावते. आणि आणखी एक, क्लच नाही, गिअर नाही, धक्का नाही. लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आधी गाडी काढणाऱ्याला यातलं सुख वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रकार, चढ. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही शिराकावा-गोला निघालो. डोंगरातलं छोटं गाव आहे. गवताने शाकारलेली उंच उतरती छपरं, नमस्कारासाठी हात जोडावेत तशी. हिवाळ्यात बर्फ साचून घर दबू नये म्हणून ती इतकी उतरती. १९९५ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. तिथे जाणारा तोकाई-होकुरिकू एक्सप्रेसवे समुद्रकाठच्या मैदानातून थेट डोंगरात चढतो. त्याचा सर्वात उंच भाग १०८५ मीटरवर आहे, जपानच्या एक्सप्रेसवेंवरचं सर्वात उंच ठिकाण. आपलं लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे त्याच्या पावणेदोन पट. पुढे हिदा बोगदा लागतो, १०.७ किलोमीटरचा. आत शिरल्यावर गाणं संपतं, दुसरं सुरू होतं, तेही संपतं, आणि बोगदा चालूच.

चढावर गाडीचा दुसरा चेहरा दिसला. पाय दाबला की इंजिनचा आवाज एकदम चढतो आणि वर जाऊन तिथेच राहतो, वेग मात्र आपला सावकाश वाढतो. साध्या गाडीत आवाज आणि वेग बरोबर जातात, इथे नाही. पहिल्यांदा चालवणाऱ्याला वाटतं क्लच घसरतोय. घसरत नाही, इंजिन आपल्याला सोयीच्या फेऱ्यांवर बसून काम करतं. पण गोड आवाज नाही, हे मान्य. आणि लांब चढावर बॅटरी हळूहळू रिकामी होते, सगळा भार इंजिनावर येतो. फक्त चढाचा ॲव्हरेज मी वेगळा बघितला: लिटरला १९.

तिसरा प्रकार, उतार. आणि इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

परत येताना हिरुगानो नावाचं पठार लागतं. मजेशीर जागा आहे, इथलं पाणी दोन बाजूंना वाटलं जातं. अर्धं उत्तरेला जपानच्या समुद्रात, अर्धं दक्षिणेला पॅसिफिकमध्ये. या पठारावरून दक्षिणेला सलग उतार आहे, साधारण पाचशे मीटर खाली. मी पाय काढून घेतला. बॅटरीच्या रेघा एकेक करून भरायला लागल्या, इंजिन बंद, ॲव्हरेजचा आकडा ९९.९ वर जाऊन चिकटला. मैत्रीण म्हणाली, "पाठव दादाला फोटो!" आणि उताराच्या निम्म्यावर बॅटरी पूर्ण भरली. त्यानंतर? त्यानंतर बंद असलेलं इंजिन मोठ्याने फिरायला लागलं. पेट्रोल जाळण्यासाठी नाही, गाडीला मागे ओढून धरण्यासाठी. म्हणजे उरलेल्या उताराची ऊर्जा पुन्हा वायाच.

असं का? हिशोब सोपा आहे. गाडी, आम्ही दोघी आणि सामान मिळून साधारण १३०० किलो. ते पाचशे मीटर खाली आलं की सुटणारी ऊर्जा होते पावणेदोन युनिट. युनिट म्हणजे आपल्या लाईट बिलावरचं युनिट, एक किलोवॅट-तास. त्यातलं काही हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जातं. आणि अशा छोट्या हायब्रिडची बॅटरी असते साधारण एका युनिटची, त्यातलीही सगळी वापरू देत नाहीत. पाच लिटरची धार आणि दोन लिटरची कळशी, मग बाकीचं सांडणारच. तुलनेसाठी सांगते, आपल्याकडे २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती. म्हणून लक्षात घ्या, हायब्रिड म्हणजे 'अर्धी इलेक्ट्रिक' नव्हे. ती पेट्रोलचीच गाडी आहे, फक्त काटकसरी.

घाटासाठी एक कामाची गोष्ट: गिअरच्या दांड्यावर 'बी' असं अक्षर असतं. बरेच लोक ते बॅटरीचं 'बी' समजतात आणि शहरातही वापरतात. ते ब्रेकिंगचं आहे. लांब उतारावर इंजिनने गाडी ओढून धरण्यासाठी, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत. सपाट रस्त्यावर त्याचा उपयोग नाही.

तो आकडा

नागोयात पोचल्यावर पंपावर गेलो. जपानमध्ये साध्या पेट्रोलची नळी लाल, महागाच्या पेट्रोलची पिवळी आणि डिझेलची हिरवी. तीनच गोष्टी, पण डिझेलच्या हिरव्या नळीपासून लांब राहायचं. टाकी फुल करायला म्हणायचं 'मानतान'. पंपावरच्या काकांनी टोपी काढून वाकून नमस्कार केला, मी गाडीतूनच दोनदा वाकले.

३५२ किलोमीटर, १२.६ लिटर. म्हणजे लिटरला जवळजवळ २८.

दादाला व्हॉट्सॲप केलं. दोन मिनिटांत फोन. "अठ्ठावीस? खरं सांगतीस? मग घेऊनच टाकतो. बुकिंगचे पैसे उद्याच भरतो."

मी म्हटलं, "दादा, थांब. हा आकडा माझा आहे, तुझा नाही."

बघा ना. आम्ही दोघी, एक छोटी बॅग, साडेअकराशे किलोची छोटी गाडी. ऑक्टोबर महिना, बाहेर गार हवा, एसी जवळजवळ बंद. एक्सप्रेसवेवर बऱ्याच ठिकाणी मर्यादा सत्तर-ऐंशीची आणि लोक ती पाळतात. खड्डा नाही, अचानक समोर येणारी दुचाकी नाही, टोलनाक्यावर रांग नाही. आता दादाची गाडी डोळ्यासमोर आणा. सात सीट भरलेल्या, वर चार मोठ्या बॅगा, एप्रिलचं ऊन, एसी पूर्ण, एअरपोर्टची वेळ गाठायची म्हणून एक्सप्रेसवेला शंभर. सलग शंभरच्या वेगाला ब्रेकच लागत नाही, मग ब्रेकमधून परत मिळणार काय? तिथे गाडी बहुतेक वेळ इंजिनवरच चालते. काटकसरी इंजिनाचा फायदा मिळतो, पण शहरातली जादू तिथे नाही.

कंपनीचा कागदावरचा आकडाही असाच समजा. आपल्याकडे २०२२ मध्ये आलेल्या ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा प्रमाणित आकडा २७.९७ आहे, त्याच वर्षीच्या होंडा सिटी हायब्रिडचा २६.५, इनोव्हा हायक्रॉसचा २३.२४. खोटे नाहीत, पण ते ठरावीक चाचणीचे आहेत. तुमच्या रस्त्याचे नाहीत.

साताऱ्याचा हिशोब

मग फोनवरच आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. तुम्हीही आकडे बदलून करून बघा, मी सोपे आकडे धरते.

समजा पेट्रोल १०५ रुपये. साधी मोठी पेट्रोल गाडी लिटरला १४ देते, तर किलोमीटरला साडेसात रुपये. हायब्रिड २० देते असं धरलं, तर सव्वापाच रुपये. बचत सव्वादोन रुपये. हायब्रिडसाठी समजा दोन लाख जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला जवळपास ८९ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला हे सात वर्षांहून जास्त झाले. महिन्याला पाच हजार चालवणाऱ्याला दीड वर्ष.

दादा खूश. "मग माझं बरोबरच आहे की!"

पण त्याची आत्ताची गाडी साधी पेट्रोल नाहीये ना, सीएनजी आहे. सीएनजी किलोला ९० रुपये धरू, गाडी किलोला २२ देते, म्हणजे किलोमीटरला चार रुपये दहा पैसे. हायब्रिडचे सव्वापाच. म्हणजे इंधनात हायब्रिड त्याला किलोमीटरमागे एक रुपया पंधरा पैसे महागच पडणार. महिन्याचे पाच हजार किलोमीटर, म्हणजे पावणेसहा हजार रुपये खिशातून जास्त. वर कर्जाचा हप्ता.

फोनवर बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "पण पंपावरच्या रांगेत माझा तास जातोय त्याचं काय? आणि डिकीत सिलिंडर असल्यावर एअरपोर्टवाल्यांच्या बॅगा कुठं ठेवू?"

अगदी रास्त प्रश्न आहेत हे. सीएनजीच्या रांगेत गेलेला तास म्हणजे बुडालेलं भाडं. मोठी गाडी असली की किलोमीटरचा दरही जास्त मिळतो. खंबाटकी घाटात भरल्या गाडीने सीएनजीवर किती दम लागतो हे मी मागच्या सीटवर बसून अनुभवलंय. म्हणजे हायब्रिड त्याच्यासाठी चुकीचीच, असं मी म्हणत नाहीये. पण मग तिचा फायदा भाड्याच्या दरातून आणि वाचलेल्या वेळेतून आला पाहिजे, लिटरच्या आकड्यातून तो येणार नाही. आणि तो अठ्ठावीसचा आकडा बघूनच तर दादा बुकिंग करायला निघाला होता.

दुसरी बाब बॅटरीची. आपल्याकडे अशा गाड्यांच्या मोठ्या बॅटरीवर सहसा ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी वॉरंटी दिसते, जे आधी होईल ते. घरच्या गाडीला आठ वर्षं पुरेल. दादाची वर्षाला साठ हजार होतात. तीन वर्षांच्या आत वॉरंटी संपली, आणि कर्ज असणार पाच वर्षांचं! याचा अर्थ बॅटरी लगेच जाईल असा नाही. जगभर कितीतरी टॅक्सीवाले हायब्रिड वापरतात. पण शेवटची दोन वर्षं ती जोखीम दादाची, हे त्याला सही करायच्या आधी माहीत असलं पाहिजे.

शेवटी काय ठरलं? त्याने बुकिंग थांबवलंय. शोरूमला तीन प्रश्न लिहून दिलेत: हेच मॉडेल पिवळ्या पाटीवर नोंदवून मिळेल का, व्यावसायिक वापराला बॅटरीची वॉरंटी तीच राहते का, आणि अर्धा दिवस गाडी माझ्या रस्त्यावर, माझी माणसं बसवून चालवू देणार का. तिसऱ्या प्रश्नावर शोरूमवाल्यांनी "बघतो साहेब" म्हटलंय. दादा म्हणतो, "त्यांनी बघेपर्यंत माझी सीएनजी पळतीय."

तुमच्यासाठी, थोडक्यात

एक. 'हायब्रिड' हा शब्द बघून भुलू नका. माइल्ड हायब्रिड नावाचा प्रकार असतो. त्यात छोटी मोटर इंजिनला थोडा हातभार लावते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते, पण एकटी मोटर गाडी पळवत नाही. स्ट्राँग हायब्रिड गाडी काही अंतर निव्वळ मोटरवर चालते. शोरूममध्ये सरळ विचारा, "इंजिन बंद ठेवून ही गाडी चालते का?" उत्तरात फाटे फुटले तर समजून घ्या.

दोन. कर विचारात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत छोट्या पेट्रोल हायब्रिडला, म्हणजे १२०० सीसीपर्यंतचं इंजिन आणि चार मीटरपर्यंतची लांबी, १८ टक्के, मोठ्यांना ४० टक्के, आणि इलेक्ट्रिकला ५ टक्के आहे. किमतीतला फरक बराचसा इथून येतो. ज्यांना घरी चार्जिंगची सोय आहे आणि रोजची फेरी ठरलेली आहे, त्यांनी इलेक्ट्रिकचा हिशोबही शेजारी मांडून बघा.

तीन. टेस्ट ड्राईव्ह तुमच्या रोजच्या वेळेला, तुमच्या रस्त्यावर मागा. सकाळी अकराला रिकाम्या रस्त्यावर सगळ्याच गाड्या छान वाटतात. एसी लावा, मागे घरची माणसं बसवा, एक चढ घ्या, आवाज ऐका. आवडला नाही तर पुढची दहा वर्षं तोच ऐकायचाय.

चार. परदेशात जाताय, परवाना काढलाय, तर एक दिवस भाड्याची हायब्रिड जरूर घ्या. गाडीचा स्वभाव कळायला तो उत्तम मार्ग आहे. भाड्याने घेताना विमा पूर्ण घ्या. जपानमध्ये अपघात झाला तर विमा असूनही गाडी बंद राहिल्याचे वेगळे पैसे लागतात, तेही आधी विचारून घ्या. आणि तिथला आकडा व्हॉट्सॲपवर पाठवाल, तेव्हा त्याच्यासोबत किती माणसं, किती सामान, कसला रस्ता, एसी चालू की बंद, हेही लिहा. पलीकडे कोणीतरी त्या आकड्यावर पाच वर्षांचं कर्ज काढायला बसलेलं असू शकतं.

तुमच्यापैकी कोणी आपल्याकडे हायब्रिड चालवत असेल, तर टाकी फुल ते टाकी फुल काढलेला ॲव्हरेज मला पाठवा. स्क्रीनवरचा नको, पंपाचा. शहर, घाट, हायवे वेगवेगळं कळवलंत तर अजून छान. पुरेसे आकडे आले की एका भागात सगळे मिळून बघू. दादासारख्यांना त्याचा उपयोग होईल.

चला, भेटू पुढच्या भागात. गाडी चालवत ऐकत असाल तर सिग्नलला पुढच्याला हॉर्न मारू नका, त्यालाही लाल दिवा दिसतोय. नमस्कार!